‘मराठीत पंच नाही’ म्हणणाऱ्यांना

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत, चांदीच्या दागिन्यांच्या गावात, छपाईचं काम करतो. पैंजणांच्या डब्या, जोडव्यांची पाकिटं, बिलबुकं, लग्नपत्रिका, यात्रेचे फलक, वाढदिवसाचे फ्लेक्स. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं माझ्या हाताखालून जातात. त्यामुळे आमच्या भागातल्या चांदीवाल्यांसाठी झालेल्या एका शिबिरात जे ऐकलं, ते गिळून गप्प बसणं मला जमलं नाही.

शिबिराचा विषय होता, माल बाजारात उभा कसा करायचा. बाहेरून आलेल्या एका सल्लागारांनी पडद्यावर तीन इंग्रजी ओळी दाखवल्या. ‘अ डायमंड इज फॉरएव्हर’, ‘जस्ट डू इट’, ‘थिंक डिफरंट’. प्रत्येकीखाली तिचं मराठी होतं. ‘हिरा सर्वकाळ टिकतो’, ‘फक्त करून टाका’, ‘वेगळा विचार करा’. सभागृह हसलं. मग ते म्हणाले, “फरक दिसला? मराठी गोड भाषा आहे, आईची भाषा आहे. पण तिच्यात पंच नाही. थोडक्यात, चमकदार, डोक्यात बसणारं बोलायचं तर ते इंग्रजीतच होतं. डबीवर मराठी ओळ ठेवाल, तर माल गावातच राहील.”

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारी माझीच गिऱ्हाइकं होती, माझ्याच गल्लीतली पोरं होती. त्यानंतर कितीतरी दिवस डब्या छापायला येणारा माणूस आधी जुनी मराठी ओळ काढायला सांगायचा. एकानं ‘ग्रेस इन एव्हरी स्टेप’ आणलं. दुसऱ्यानं ‘एलिगन्स इन एव्हरी स्टेप’. तिसऱ्यानं ‘ब्यूटी इन एव्हरी स्टेप’. तिन्ही डब्या जांभळ्या, वर सोनेरी अक्षरं. छापून झाल्यावर मी तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, नावाच्या जागेवर बोट धरलं आणि आमच्या कामगाराला विचारलं, कुठली कुणाची? त्याला सांगता आलं नाही. छापल्या त्यानंच होत्या.

हे उत्तर त्या सल्लागारांना आहे, आणि त्यांच्यापेक्षाही टाळ्या वाजवणाऱ्यांना आहे. पैंजण करणाऱ्या गावानं स्वतःच्या बोलण्याला बद्द म्हणावं, हे मला सहन होत नाही.

आधी तराजूचं बोलू, कारण हुपरीत तराजू सगळ्यांना कळतो. सल्लागारांनी ज्या तराजूत दोन भाषा तोलल्या, त्याला पासंग होता. एका पारड्यात जगातल्या नामांकित जाहिरात लिहिणाऱ्यांच्या निवडक ओळी, आणि दुसऱ्यात त्याच ओळींचं शब्दाला शब्द ठेवून उरकलेलं भाषांतर. अशा तोलात कुठलीही भाषा हलकीच भरणार. पारडी बदलून बघा. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापुरात सतेज पाटील यांच्या गटाची एक घोषणा निघाली, ‘आमचं ठरलंय’. राजकारण बाजूला ठेवा, मला त्यात पडायचं नाही. फक्त ते दोन शब्द बघा. ‘आमचं’ म्हणजे कोणाकोणाचं, ते सांगितलेलं नाही. काय ठरलंय, तेही नाही. तरी जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही दोन्ही ठाऊक होतं. आणि ‘ठरवलंय’ म्हटलेलं नाही, ‘ठरलंय’ म्हटलंय. ठरवणारा माणूस पुढं येत नाही, गोष्ट आपोआप पक्की झाल्यासारखी वाटते, आता तिला कुणी हलवणार नाही असं वाटतं. हे इंग्रजीत करा. ‘वुई हॅव डिसायडेड’ म्हटलं की त्यातला दम जातो, कारस्थानही जातं आणि निश्चयही जातो. म्हणून इंग्रजी दुबळी भाषा ठरते का? अजिबात नाही. भाषांतर दुबळं ठरतं. सल्लागारांनी भाषांतराची हार मराठीच्या खात्यावर मांडली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि ती त्यांच्याच उदाहरणांत दडलेली होती. त्या तीन ओळी आल्या कुठून?

‘अ डायमंड इज फॉरएव्हर’ ही ओळ १९४७ मध्ये फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी डी बिअर्स कंपनीसाठी लिहिली. त्यांच्या जाहिरात संस्थेतल्या सहकाऱ्यांना ती फारशी पटली नव्हती. हे व्याकरणात बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘थिंक डिफरंट’ १९९७ मधलं. शाळेतल्या इंग्रजीच्या बाई तिथं ‘डिफरंटली’ करून देतील. ‘जस्ट डू इट’ १९८८ मधलं. ते लिहिणारे डॅन वायडन यांनी पुढं सांगितलं की १९७७ मध्ये अमेरिकेत देहदंड झालेल्या एका गुन्हेगाराच्या तोंडचे शेवटचे शब्द त्यांच्या मनात होते. त्यातला एक शब्द त्यांनी बदलला. आपल्याकडचं बघा. १९६६ पासून मुंबईच्या रस्त्यांवर झळकलेलं अमूलचं ‘अटर्ली बटर्ली’. ‘बटर्ली’ हा शब्द कुठल्या कोशातून काढला? कुठल्याच नाही. तो जिभेवर नाचला म्हणून ठेवला.

म्हणजे या सगळ्यांनी केलं काय? आपल्या लोकांच्या बोलण्यावर भरवसा ठेवला. रस्त्यावरचं, स्वयंपाकघरातलं, तुरुंगातलंसुद्धा बोलणं उचललं, शाळेच्या फळ्यावरच्या व्याकरणाला वळसा घातला, आणि चार माणसांना कानाला गोड लागलं ते छापलं. आपण करतो नेमकं उलट. कारखान्यात, चहाच्या गाड्यावर, तालमीत आपण जे बोलतो ते डबीवर यायच्या लायकीचं नाही, हे आधीच धरून चालतो. मग एक तर शासकीय परिपत्रकातली मराठी लिहितो, नाही तर थेट इंग्रजी. आणि मग तक्रार करतो, मराठीत पंच नाही.

पंच नाही? ‘खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी’ हे काय आहे? ‘जाळ आन् धूर संगटच’ हे काय आहे? तांबड्या रश्श्याचा पहिला भुरका घेतल्यावर कोल्हापूरचा माणूस ते म्हणतो, आणि कुस्तीत पहिल्याच मिनिटाला चितपट झाली तरी तेच म्हणतो. धूर आधी आणि जाळ मागाहून, हा निसर्गाचा क्रम. इथं दोन्ही एकदम आले, म्हणजे किती जोरात पेटलं असेल! चार शब्दांत अख्खं चित्र उभं राहतं. ‘विषय हार्ड’ घ्या. त्यातला ‘हार्ड’ इंग्रजी आहे, पण लंडनच्या माणसाला त्याचा अर्थ लागणार नाही. तो शब्द आमच्याकडं आला, आमच्या तांबड्या मातीत लोळला आणि आमचा झाला. मला इंग्रजी शब्दांचं वावडं नाही. घाटातल्या फलकावरचं ‘मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक’ मला आवडतं. त्यात ब्रेक इंग्रजी आहे आणि वाक्य हाडाचं मराठी. तिथंच ‘अति घाई, संकटात नेई’ असतं. ते वाचून किती गाड्यांचा वेग कमी झाला मला ठाऊक नाही, पण हे वाक्य पाठ नाही असा मराठी माणूस मी पाहिलेला नाही.

शाळेतलं एक उदाहरण देतो. ‘चकाकते ते सर्व सोने नसते’ हा सुविचार आम्ही फळ्यावर लिहायचो. ते सरळ इंग्रजी म्हणीचं भाषांतर. बरोबर आहे, शुद्ध आहे, आणि घरी कधी कुणी बोलत नाही. घरी आजी काय म्हणायची? “दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.” अर्थ जवळजवळ तोच. पण दिसतं, नसतं, फसतं, असे तीन ठोके पडतात आणि वाक्य आपल्या पायानं चालायला लागतं. सल्लागारांनी जर मराठी म्हणजे फळ्यावरचं पहिलं वाक्य धरलं असेल, तर त्यांना पंच सापडला नाही यात नवल नाही. ते चुकीच्या घरात शोधत होते.

थोडक्यात बोलायची मराठीची स्वतःची रीत आहे, आणि ती इंग्रजीहून वेगळी आहे. इंग्रजी छोटे छोटे शब्द सुटे ठेवते आणि त्यांची जागा पक्की करते. तीन ठोक शब्द एकापुढं एक आले की खटका बसतो. मराठी शब्दाच्या पोटात भरते. ‘गेली’ म्हटलं की एक बाई आहे, एकटी आहे आणि गेली, हे सगळं दोन अक्षरांत आलं. ‘बघतोस?’ म्हटलं की समोर पुरुष आहे, जवळचा आहे आणि आत्ताचं विचारलंय. शब्दांचा क्रम आपण हवा तसा फिरवू शकतो. ‘मी देणार नाही’, ‘देणार नाही मी’, ‘नाही देणार मी’ ही तीन वेगळी बोलणी आहेत, आणि तिसऱ्याशी वाद घालायला कुणी जात नाही.

आणि आपल्याकडं ‘च’ आहे. एवढासा. टिळकांच्या स्वराज्याच्या घोषणेतला शेवटचा शब्द आठवा, ‘मिळवणारच’. तो ‘च’ काढला तर उरते ती नुसती इच्छा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘झालाच पाहिजे’ या दोन शब्दांवर माणसं रस्त्यावर उतरली. ‘व्हावा’ नाही, ‘झाला पाहिजे’ नाही, ‘झालाच’. आमच्यापासून कर्नाटकाची हद्द जवळ आहे. सीमाभागात त्या ‘च’ची किंमत अजून लोकांना माहीत आहे. एका अक्षरात एवढं वजन जी भाषा ठेवते, तिला थोडक्यात बोलता येत नाही असं कुणी म्हणावं, आणि आपण टाळ्या वाजवाव्यात?

आता कुणी म्हणेल, तुम्ही गावात बसून इंग्रजीला नावं ठेवताय. मी नावं ठेवत नाही. मराठी माणसाचं इंग्रजीशी नातं कालचं नाही. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी असायचा. १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला, त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले लिहायचे. इंग्रजीतल्या खटकेबाज घोषणांमध्येही आपल्या मुंबईचा वाटा आहे. ‘सायमन गो बॅक’ आणि १९४२ चं ‘क्विट इंडिया’ या दोन्हींचं श्रेय मुंबईच्या युसुफ मेहेरअलींना दिलं जातं. ‘क्विट इंडिया’चे दोनच शब्द साहेबाला साहेबाच्या भाषेत सांगायचे होते, म्हणून ते इंग्रजीतच हवे होते. ज्याला सांगायचं त्याच्या भाषेत सांगावं, इथवर माझी काही तक्रार नाही. पण सर्वसामान्य माणसानं ती चळवळ ‘चले जाव’ म्हणूनच तोंडी ठेवली. इंग्रजी शिकण्याचं कौतुक करणारा सगळ्यात गाजलेला शब्दप्रयोग, ‘वाघिणीचं दूध’, चिपळूणकरांच्या नावावर सांगितला जातो. इंग्रजीची ती थोरवी कुठल्या भाषेत सांगितली गेली? मराठीत.

या विषयात मला सगळ्यात मोठा साक्षीदार वाटतो तो आमच्याच तालुक्यात येऊन गेलेला. हुपरी आणि माणगाव दोन्ही हातकणंगले तालुक्यातली गावं. मार्च १९२० मध्ये माणगावला परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि शाहू महाराजांनी तिथं, हाच तुमचा पुढारी, असं लोकांना सांगितलं. तेव्हा बाबासाहेब कोलंबियात शिकून आले होते, लंडनचं शिक्षण पुरं करायचं बाकी होतं. त्यांच्या इंग्रजीबद्दल मी वेगळं सांगायला नको. १९३६ चं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ त्यांनी इंग्रजीत लिहिलं, आणि ते नाव स्वतःच एक घाव आहे. पण त्याच माणसानं ३१ जानेवारी १९२० ला जे पाक्षिक सुरू केलं, त्याला नाव दिलं ‘मूकनायक’. जे मुके आहेत त्यांचा नायक. पाच अक्षरांचा एक शब्द, आणि त्याच्या दोन अर्ध्या भागांत केवढा ताण! इंग्रजीत ते सांगायला ‘लीडर ऑफ द व्हॉइसलेस’ अशी रांग लावावी लागते. पुढं १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’. ज्या देशानं माणसांना बाहेर टाकलं, त्या माणसांचाही एक भारत आहे, हे दोन शब्दांत सांगून टाकलं.

त्यांच्या घोषणेचं तर बघण्यासारखं आहे. ‘एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज’ हे तीन शब्द १८८० च्या दशकातल्या इंग्लंडमधल्या समाजवाद्यांमध्येही होते. बाबासाहेबांनी १९४२ मध्ये नागपूरला ते आपल्या माणसांपुढं ठेवले. महाराष्ट्रातल्या वस्त्यावस्त्यांतल्या भिंतींवर ते कसे आले? ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.’ क्रम बदलला. ‘अ‍ॅजिटेट’च्या जागी संघर्ष आला आणि तो शेवटी गेला. हा बदल योग्य की अयोग्य, यावर अभ्यासक वाद घालतात आणि घालावा. मला एवढंच दाखवायचंय की लोकांनी ती घोषणा शब्दाला शब्द ठेवून घेतली नाही. ‘संघटित’ आणि ‘संघर्ष’ दोन्ही ‘सं’नं सुरू होतात, एक पाऊल दुसऱ्याला ढकलतं, तोंडात बसतं. बोलणाऱ्यांनी घोषणा आपल्या भाषेत पुन्हा घडवली. भाषांतर असंच होतं. सल्लागारांनी पडद्यावर दाखवलं ते भाषांतर नव्हतं.

दुसरा साक्षीदार कोल्हापुरात जन्मलेला, अरुण कोलटकर. हा कवी पोटापाण्यासाठी मुंबईत जाहिरातीच्याच धंद्यात होता. म्हणजे सल्लागारांच्या व्यवसायातलाच माणूस. १९७६ मध्ये त्यांचं इंग्रजी ‘जेजुरी’ आलं, पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. ‘भिजकी वही’ मराठीत, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार. दोन्ही भाषांत त्यांनी नटवलेलं वाक्य टाळलं. साधा, रोजचा शब्द घेतला आणि नेमक्या जागी ठेवला. ज्याला दोन्ही भाषा खऱ्या अर्थानं येतात तो एकीला पंचाची आणि दुसरीला गोडव्याची भाषा म्हणत नाही.

आता धंद्याकडं येतो, कारण सल्लागारांचा मुख्य मुद्दा धंद्याचा होता. इंग्रजी नावानं किंमत वाढते, असं ते म्हणाले. आमच्या चांदीच्या धंद्यात इंग्रजी नावांनी काय काय केलंय ते बघा. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदी किती असते? शून्य. तांबं, निकेल आणि जस्त. नावात सिल्व्हर, मालात नाही. आमच्या बायकांनी ‘जर्मन’ शब्द घेतला तो अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांसाठी, आणि जर्मनचं पातेलं म्हटल्यावर ते चांदीचं आहे असा कुणाचाही समज झाला नाही. ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिने घ्या. चांदीवरचा तो काळा थर ऑक्साइडचा नसतो, तो गंधकामुळं धरतो. रसायनशास्त्रात त्याला सिल्व्हर सल्फाइड म्हणतात. आमचे कारागीर काळा माल म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. उलट ‘हॉलमार्क’ या शब्दाला मी हात जोडतो. लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये १४७८ पासून सोन्याचांदीवर शिक्का मारला जाऊ लागला, त्यावरून तो शब्द आला, आणि मग कुठल्याही खऱ्या गुणाच्या खुणेला इंग्रजीत हॉलमार्क म्हणू लागले. आपल्याकडं ‘कसाला उतरणं’ अगदी तसंच सोनाराच्या दगडावरून आलं. साहेबानं आपल्या कारागिरांच्या जागेचं नाव भाषेत जपलं. आपण आपल्या कारागिरांच्या गावाचं नाव डबीवरून पुसतोय.

होय, पुसतोय. शंभर वर्षांहून अधिक काळ या गावात चांदी वितळते, तार ओढली जाते, साखळ्या जोडल्या जातात, सांध्यांना डाक लागतो, घुंगरं बसतात. आमचा माल सेलम, आग्रा, राजकोटच्या मालाशेजारी दुकानात मांडला जातो. अशा वेळी ‘ग्रेस इन एव्हरी स्टेप’ ही ओळ सेलमच्या डबीवर चालेल, आग्र्याच्या चालेल, चपलेच्या खोक्यावरही चालेल. जी ओळ कुणाच्याही मालावर बसते ती कुणाचाच माल सांगत नाही.

चपलेवरून आठवलं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या कंपनीनं कोल्हापुरी वहाणा पायात घालून मॉडेल चालवले, आणि शोच्या माहितीत त्यांना म्हटलं, ‘लेदर सॅन्डल्स’. चामड्याच्या वहाणा. इंग्रजीत याहून सरळ, नेटकं नाव नाही. आणि याच नेटक्या नावानं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे सगळं पुसून टाकलं. या आठ जिल्ह्यांच्या नावानं २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं. महाराष्ट्रातून ओरड झाली तेव्हा कंपनीला मान्य करावं लागलं की प्रेरणा भारतातली आहे. भांडण कशावरून झालं? एका शब्दावरून. ‘कोल्हापुरी’. बाहेरच्या कंपनीनं आपलं नाव गाळलं तेव्हा आपण संतापलो. हुपरीच्या डबीवरून ‘हुपरी’ आपण स्वतः गाळतो तेव्हा त्याला मार्केटिंग म्हणतो.

आणि आमच्या नावांत काय कमी आहे? ‘अँकलेट’ या इंग्रजी शब्दात घोटा आहे. ‘पैंजण’ म्हटलं की ऐकू येतं. ‘छुमछुम’ तर नावच आवाजाचं आहे. ज्या कुणी कारागिरानं किंवा दुकानदारानं पहिल्यांदा मालाला छुमछुम म्हटलं, त्यानं कुठल्याही शिबिराशिवाय जगातलं उत्तम नाव ठेवलं होतं. इंग्रजी स्वतः अशी नावं घ्यायला लाजत नाही. त्यांचा ‘बँगल’ हिंदीतून गेला, ‘मंगूस’ आपल्या मुंगसावरून.

सल्लागारांचं एक म्हणणं मात्र मी मान्य करतो, आणि मनापासून करतो. आपली छापील मराठी खरोखरच खराब झालीय. ‘सदर दालनात दर्जेदार आभूषणे वाजवी दरात उपलब्ध आहेत’ असं छापायला कोण आणतं? आपणच. ‘विनम्र आवाहन करण्यात येत आहे’ असं गावच्या यात्रेच्या फलकावर कोण लिहितं? मीच छापतो ते. या भाषेत कुणी बोलत नाही, कुणी भांडत नाही, कुणी प्रेम करत नाही. तिच्यात पंच नाही हे खरं. आणि बाहेरच्या देशात, बाहेरच्या राज्यात माल पाठवायचा तर डबीवर इंग्रजी लागणारच. मुलांनी चांगलं इंग्रजी शिकलंच पाहिजे, त्यातली उत्तम वाक्यं कशी घडली हेही शिकलं पाहिजे. माझं भांडण फक्त या समजाशी आहे की चांगलं वाक्य बाहेरून तयार आणायचं असतं.

ते इथंच तयार होतं. हुपरीपासून पट्टणकोडोली जवळ. विठ्ठल बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या गर्दीत फरांडेबाबांची भाकणूक होते. पावसाचं, पिकाचं, राजकारणाचं भाकीत तुटक, कोड्यासारख्या बोलांत सांगितलं जातं, आणि माणसं ते बोल वर्षभर तोंडी वागवतात. ज्यांचा भाकितावर विश्वास नाही त्यांनाही शब्द पाठ असतात. घराघरांत उखाणा असतो. परवा एका लग्नात पोरींनी दार अडवलं, तर नवरीनं क्षणात घेतलं, ‘हुपरीच्या पैंजणाला घुंगरांची दाटी, अमुकरावांचं नाव घेते तुमच्या आग्रहासाठी.’ ती कुठल्या संस्थेत जाहिरात लिहायला शिकली नव्हती.

आणि शेवटी ज्या एका वाक्यामुळं मी हा लेख लिहायला बसलो, ते सांगतो. ‘ग्रेस इन एव्हरी स्टेप’वाल्या गिऱ्हाइकाकडं मी डबीचा नमुना दाखवायला गेलो होतो. पडवीत त्यांच्याकडं काम करणाऱ्या एक मावशी घुंगरं लावत बसल्या होत्या. एक पैंजण पुरं झालं की त्या ते कानाशी धरून हलवायच्या. घुंगरात डाक गेला असेल तर आवाज बद्द येतो, तो माल त्या बाजूला टाकायच्या. मालकांनी सहज म्हटलं, आता पोरींना हलकी, बिनआवाजाची पैंजणं लागतात. मावशींनी मान वर केली नाही. हातातलं पैंजण हलवत म्हणाल्या, “आमच्या टायमाला नवी सून आधी ऐकू यायची, मग दिसायची.”

मी तिथंच थांबलो. ‘आधी ऐकू येते, मग दिसते.’ हुपरीच्या पैंजणासाठी याहून चांगली ओळ मी आजवर छापलेली नाही. ती चपलेच्या खोक्यावर बसणार नाही. मुक्या दागिन्यावर बसणार नाही. इंग्रजीतही ती चालेल, ‘यू हिअर हर बिफोर यू सी हर’, कारण ती बघून, ऐकून आलेली आहे. बाहेर जाणाऱ्या डबीवर खाली बारीक अक्षरांत तेही घालता येईल. मी मालकांना म्हटलं, ही घ्या. ते म्हणाले, “चांगलं आहे हो, पण जरा गावठी वाटतंय.” डब्या जांभळ्या रंगात, इंग्रजी ओळीनिशी गेल्या.

माझी चांदीवाल्यांना, आणि त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्या पोरांना विनंती आहे. पुढच्या डब्या छापायला देण्याआधी मशीन बंद झाल्यावर अर्धा तास कारखान्यातच बसा. मावशींजवळ बसा, डाक लावणाऱ्याजवळ बसा, माल घेऊन सेलमला जाऊन आलेल्या माणसाजवळ बसा. ते मालाबद्दल काय बोलतात ते, जसं बोलतात तसं, एका कागदावर उतरवून घ्या. शुद्ध करू नका. तो कागद घेऊन माझ्याकडं या. डबीवर ‘हुपरी’ हे नाव ठळक असेल आणि ओळ त्या कागदावरची असेल, तर पहिल्या छपाईची मजुरी मी घेणार नाही. मावशींची ओळ अजून माझ्याकडं आहे. ज्याला ती हवी असेल त्यानं आधी मावशींना विचारावं.